ख्रिस्तसेवकाचे अध्यात्म
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात औंध येथे भरलेल्या सेवकांच्या मननदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या मननदिनासाठी औंधासारखे स्थळ का निवडले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींनी येताना वाटेत विचारला. प्रश्न रास्त आहे. औंध हे काही आपले यात्रास्थान नव्हे. डोंगरावर यमाईचे देऊळ, उतारावर पंतप्रतिनिधींचे श्रीभवानी संग्रहालय आणि भोवती खटाव तालुक्याची ही कोरडवाहू, पावसाची वाट पाहणारी जमीन. येथे येऊन ख्रिस्तसेवेचा विचार करावा, असे आम्हांस का वाटले, त्याचा उलगडा व्याख्यानाच्या ओघात होईलच. तूर्त इतकेच सांगतो की, आपल्या घरातील दिवा नीट जळतो आहे की नाही, हे कधी कधी शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून पाहिले म्हणजे चांगले कळते.

आपल्या धर्मग्रामास यंदा पन्नास वर्षे पूर्ण झाली. आमचे स्वतःचे वय त्याहून थोडेसेच अधिक आहे. त्यामुळे या महोत्सवाकडे पाहताना आपल्याच वयाच्या भावंडाकडे पाहावे, तसे आम्हांस होते. पुणे धर्मप्रांताची स्थापना 1886 साली झाली, आणि सातारा-सांगलीचा हा विस्तीर्ण मुलूख त्याच धर्मप्रांतात मोडतो. या मुलुखात आपली कुटुंबे ओंजळीतून सांडलेल्या दाण्यांप्रमाणे विखुरलेली आहेत. एखाद्या गावी दोन घरे, एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत चार, तर कोठे एकटीच परिचारिका किंवा एकटाच शिक्षक. अशा विखुरलेल्या माणसांनी शाळा चालवावी, दवाखाना चालवावा, मुलांचे वसतिगृह उभारावे, ही लहान गोष्ट नव्हे. महोत्सवासाठी आम्ही या सर्व कार्याचा वृत्तान्त लिहावयास बसलो, तेव्हा मनाला समाधान वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु तो वृत्तान्त आम्ही आपल्या एका वयोवृद्ध धर्मशिक्षकांस वाचावयास दिला. त्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला, कागद परत केला आणि म्हणाले, “फादर, काम पुष्कळ वाढलं. आता एवढंच सांगा, काम करणारा वाढला का?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक अपुरा यत्न आहे. ख्रिस्ताच्या सेवेत असलेला मनुष्य आध्यात्मिक आहे, असे कधी म्हणावे? सेवा करतो म्हणूनच तो आध्यात्मिक ठरतो काय? की सेवेखेरीज आणखी काही लागते?

प्रथम आध्यात्मिक मनुष्य म्हणजे काय नव्हे, ते पाहू. आपल्या मराठी मुलुखात या शब्दाभोवती एक चित्र जमून बसले आहे. डोळे अर्धवट मिटलेले, बोलणे संथ, संसाराविषयी उदास आणि व्यवहाराच्या बाबतीत अजाण. आपल्या ख्रिस्ती घरांतही त्याची निराळी आवृत्ती आहे. ज्याच्या हाती सदा जपमाळ, ज्याच्या तोंडी सदा देवाचे नाव, तो आध्यात्मिक. आणि जो पहाटे उठून दवाखान्याचे पाणी भरतो, मिस्सेला धावतपळत येऊन शेवटच्या बाकावर बसतो, तो बिचारा कामाचा माणूस! जपमाळेचा आम्ही अनादर करीत नाही. ती आमच्याही खिशात आहे. परंतु बाह्य चिन्हावरून आत्म्याची परीक्षा करणे हे आपल्या प्रभूला मुळीच मान्य नव्हते. देवळात उभे राहून आपल्या उपासतापासांचा पाढा वाचणारा परुशी आणि दूर उभा राहून ऊर बडविणारा जकातदार, यांपैकी घरी कोण नीतिमान ठरून गेला, हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रात तर ही गोष्ट परकी वाटण्याचे कारणच नाही. साधूची ओळख त्याच्या वेशावरून करू नये, रंजल्यागांजल्यांस तो आपले म्हणतो की नाही यावरून करावी, हा धडा देहूच्या तुकोबांनी या भूमीला केव्हाच घालून दिला आहे.

संत पौलाच्या पत्रांत आध्यात्मिक मनुष्य हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. ज्याच्या ठायी पवित्र आत्मा वसतो आणि ज्याचे जीवन त्या आत्म्याच्या प्रेरणेने चालते, तो आध्यात्मिक. शरीर वाईट व आत्मा चांगला, काम हलके व ध्यान थोर, अशी वाटणी पौलाला अभिप्रेत नाही. तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे. म्हणून प्रश्न हाताने काय करतो एवढाच नसून, हात कोणाच्या सत्तेखाली चालतो, हा आहे. अहंकाराच्या सत्तेखाली चालणारा हात देवळात मेणबत्ती लावीत असला तरी तो दैहिकच. आणि पवित्र आत्म्याच्या सत्तेखाली चालणारा हात जखम धूत असला तरी तो आध्यात्मिकच.

आता औंधाकडे वळू. आपल्यापैकी तरुण मंडळींस कदाचित ठाऊक नसेल, परंतु सुमारे 75,000 वस्तीचे हे छोटे संस्थान एके काळी साऱ्या हिंदुस्थानच्या कौतुकाचा विषय झाले होते. येथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे 1909 पासून गादीवर होते. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती होती. 1939 च्या जानेवारीत त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली एक राज्यघटना जारी केली आणि आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या, म्हणजे गावोगावच्या पंचायतींच्या, हाती दिली. संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1951 साली पंतप्रतिनिधी कैलासवासी झाले. परंतु आज आपणांस राज्यघटनेविषयी फारसे बोलावयाचे नाही. आटपाडीनजीकच्या एका माळाविषयी बोलावयाचे आहे.

त्या काळी औंधात मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलंडचे अभियंते येऊन राहिले होते. जन्माने ते ज्यू. बंगळूरच्या सरकारी विजेच्या सामानाच्या कारखान्याची मोठी जागा सोडून ते खेड्यातील माणसांसाठी काम करू लागले. संन्यास घेऊन भारतानंद हे नाव त्यांनी धारण केले आणि 1976 साली मुंबईत त्यांचा अंत झाला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि हे फ्रीडमन यांच्या सहवासातून संस्थानात एक विलक्षण कल्पना रुजली. तुरुंगातील कैदी, आणि तेही साधेसुधे चोर नव्हेत, तर खुनासारख्या घोर अपराधाबद्दल शिक्षा भोगणारे, यांस कोठडीतून बाहेर काढावे, मोकळ्या माळावर वसवावे, कसावयास जमीन द्यावी आणि त्यांच्या बायकामुलांसही त्यांच्याजवळ राहू द्यावे. भिंत नको, बेडी नको, बंदूकवाला पहारा नको. 1939 च्या सुमारास ही वसाहत वसली. तिचे नाव ठेविले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला स्वतंत्रपूर हे नाव! त्या नावातच सारे तत्त्वज्ञान आले. पुढे 1957 साली व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, त्याची प्रेरणा येथलीच. आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हेही याच औंध संस्थानच्या मातीत वाढलेले. संस्थान गेले, परंतु वसाहत मोडली नाही. पुढे शासनाने ती खुले कारागृह म्हणून चालविली.

आता विचार करा. आपल्या प्रभूने संत मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे चित्र रेखाटताना जी यादी दिली आहे, तीत भुकेला आहे, तहानलेला आहे, परका आहे, उघडा आहे, आजारी आहे आणि सर्वांच्या शेवटी बंदिवान आहे. यादीतील पहिल्या पाचांसाठी आपण संस्था काढल्या. अन्नछत्र काढले, विहीर खणली, वसतिगृह बांधले, कपडे वाटले, दवाखाना घातला. सहाव्याकडे मात्र आपले पाऊल अडखळते. कारण पहिले पाचजण दयेला पात्र वाटतात, आणि सहावा अपराधी असतो. आजाऱ्याची सेवा करणे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही; परंतु तेथे निदान मनुष्य आपले आभार मानील, अशी आशा तरी असते. अपराध्यावर विश्वास टाकणे म्हणजे स्वतःची फसवणूक होऊ देण्यास आगाऊ संमती देणे होय. ज्यांनी बेड्या काढल्या, त्यांस उद्या सकाळी माळ रिकामा दिसण्याचा संभव होताच. तरीही त्यांनी त्या काढल्या.

हे करणारे ख्रिस्ती नव्हते. आम्ही हे मुद्दाम सांगतो. कारण औंधास येण्याचे खरे कारण हेच. देवाचा आत्मा वाऱ्याप्रमाणे हवा तेथे वाहतो, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. पण तो आपल्या कुंपणाबाहेर वाहताना दिसला म्हणजे आपणांस अवघडल्यासारखे होते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने 1965 साली स्पष्ट शिकविले की, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही. तेव्हा स्वतंत्रपुराकडे पाहून आपण ते आपलेच म्हणून मिरवू नये. ते पाहून थोडे लाजावे आणि शिकावे. शिकण्याचा पहिला धडा असा. आध्यात्मिक मनुष्य सेवा करतो, तेव्हा तो समोरच्या माणसात आज जे दिसते त्यापलीकडचे पाहतो. क्रूसावरच्या चोरात प्रभूने स्वर्गाचा सोबती पाहिला. ही दृष्टी कोणत्याही शिक्षणक्रमात मिळत नाही. ती प्रार्थनेतच उघडते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे घेऊ. वसईचा संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत त्याचा जन्म झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत तो शिकला, त्यांच्यासमवेत कोवळ्या वयात जपानला गेला आणि धर्मशिक्षक म्हणून त्याने तेथे काही वर्षे काम केले. संघात प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा. ती पूर्ण झाली नाही. बंधुभगिनींनो, या एका ओळीत किती दुःख भरले आहे ते पाहा. ज्यांच्या हाताखाली वाढलो, ज्यांच्यासाठी घर सोडले, ज्यांची भाषा व जपानी भाषा दोन्ही आत्मसात केल्या, त्यांच्या पंगतीत आपणांस पान नाही! गार्सिया व्यापारात शिरला, आणि व्यापारात त्याचा जमही चांगला बसला. तेथेच तो थांबता तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, साधा बंधू. 1593 साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्या मंडळीसमवेत तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. त्या मंडळींनी तेथे गोरगरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे चालविली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रूसावर देण्यात आले, त्यांत आपला हा वसईकर होता. 1862 साली तो संतपदास पोहोचला. भारतभूमीत जन्मलेला तो पहिला संत.

त्याच्या हौतात्म्यावर आपण व्याख्याने ऐकली आहेत. आम्ही आज त्याच्या दुभाषीपणावर बोलू इच्छितो. दुभाष्याचे काम कसे असते? तो दिवसभर बोलतो, परंतु स्वतःचे काहीच बोलत नाही. दुसऱ्याचा शब्द तो आपल्या जिभेवर वाहून नेतो. त्यात आपले पदरचे घातले तर तो अप्रामाणिक ठरतो, आणि त्यातले काही गाळले तरीही अप्रामाणिक ठरतो. कार्य सफळ झाले तर श्रेय बोलविणाऱ्याचे. बिघडले तर दोष मात्र बहुधा दुभाष्याचा. ख्रिस्तसेवकाचे स्थान हेच नव्हे काय? दवाखान्यातील परिचारिका, शाळेतील गुरुजी, वसतिगृहातील स्वयंपाकीण, ही सर्व प्रभूच्या करुणेचे दुभाषी आहेत. प्रभूचा शब्द ती आपल्या हाताने भाषांतरित करतात. म्हणून दुसरा धडा असा. आध्यात्मिक मनुष्य सेवेत स्वतःचे नाव शोधीत नाही, आणि जागा हलकी मिळाली म्हणून काम हलके करीत नाही.

तिसरे उदाहरण गोव्याचे. बाणावलीस 1651 साली जन्मलेले फादर जोसेफ वाझ, जे 14 जानेवारी 2015 रोजी संतपदास पोहोचले, ते सिंहलद्वीपाचे प्रेषित म्हणून आपणांस परिचित आहेत. डचांच्या सत्तेखाली तेथील कॅथलिक प्रजा धर्मगुरूवाचून पोरकी झाली होती, हे ऐकून 1687 साली ते वेश पालटून, दरिद्री मजुराच्या रूपात तेथे उतरले. कँडीच्या राज्यात त्यांस पोर्तुगिजांचा हेर समजून अटकेत टाकण्यात आले. आणि त्याच कँडीत 1697 साली देवीची साथ पसरली. राजा व धनिक नगर सोडून गेले. आप्तांनी आप्तांस टाकले. तेव्हा फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हे दोघे मागे राहिले आणि टाकलेल्या रोग्यांस अन्न, पाणी, औषध देत, मेलेल्यांस मूठमाती देत फिरले. ज्या नगराने हेर म्हणून डांबिले, त्या नगराच्या जखमा त्यांनी धुतल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, असा भेद केला नाही.

परंतु या घटनेचा एक मागचा धागा आहे, आणि तो बहुधा विसरला जातो. सिंहलद्वीपास जाण्यापूर्वी, 1685 साली, फादर वाझ यांनी गोव्यात काही देशी धर्मगुरूंसमवेत संत फिलिप नेरींच्या वळणावर एक प्रार्थनामंडळ स्थापिले होते. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना करणे, नियमाने मौन पाळणे, हा त्या मंडळाचा क्रम. म्हणजे 1697 च्या साथीतील धैर्य हे साथीच्या दिवशी अकस्मात उगवले नाही. बारा वर्षांपूर्वी ते गुडघ्यांवर पेरले गेले होते. विहिरीला पाणी उन्हाळ्यात लागते, परंतु विहीर उन्हाळ्यापूर्वी खणावी लागते, हे या दुष्काळी माणदेशात राहणाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. तिसरा धडा तो हाच.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यांची चरित्रे सांगणे सोपे असते. आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ती वगळून हे व्याख्यान पुरे केले, तर ते खोटे होईल.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, आमच्या देखरेखीखाली एका इमारतीचे बांधकाम चालू होते. इमारत गरीब मुलांसाठीच होती. हेतू चांगलाच होता. त्या पावसाळ्यात आम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत सिमेंट, खडी, सळया आणि मजुरांचे हिशेब यांत बुडालो होतो. प्रातःकालची प्रार्थना गाडीत बसून उरकावी, मिस्सा घाईने अर्पावी, मनन उद्यावर टाकावे, असे महिनोनमहिने चालले होते. आम्हांस त्याची खंत नव्हती; उलट अभिमान होता. आम्ही देवाचेच काम करीत आहोत, मग देवाशी बोलावयास निराळा वेळ कशास हवा, असे आम्ही मनाशी म्हणत असू.

एके दिवशी सायंकाळी वस्तीवरून एक मुलगा निरोप घेऊन आला. त्याच्या म्हाताऱ्या आजोबांस बरे नव्हते आणि रोग्याभ्यंगासाठी त्यांनी आम्हांस बोलाविले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब पडावयाचा होता. आभाळ भरून आले होते. कंत्राटदार समोर उभा होता. आम्ही मुलास सांगितले, “उद्या सकाळी स्लॅब झाला की लगेच येतो.” मुलगा मुकाट्याने परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. अंगणात माणसे बसलेली पाहिली, आणि सारे समजले. म्हातारा पहाटे गेला होता. त्याची बायको बाहेर आली. तिने आम्हांस एक शब्दाने दोष दिला नाही. घोंगडी झटकून आम्हांस बसावयास घातली आणि म्हणाली, “रातच्याला लई वाट बगितली त्येंनी. पर तुमास्नी बी कामं असत्यात, फादर.”

तुमास्नी बी कामं असत्यात! ती माउली आमची बाजू घेऊन बोलली; आमच्यावर दया करीत होती. परंतु त्या दिवसापासून आजतागायत ते शब्द आमच्या कानांतून गेले नाहीत. त्या सायंकाळी आम्ही आळसाने घरी बसलो असतो, तर निदान पाप ओळखू आले असते. आम्ही सेवेमध्ये गढलो होतो, आणि सेवेनेच आमचे डोळे बांधले होते. मार्थेची चूक ती स्वयंपाक करीत होती ही नव्हती. पाहुणा घरात येऊन बसला आहे आणि आपण ज्याच्यासाठी रांधतो तोच हा, याचा तिला विसर पडला, ही होती. आमच्या अंगणात प्रभू त्या मुलाच्या रूपाने येऊन उभा राहिला आणि आम्ही त्याला स्लॅबचे कारण सांगून परत पाठविले. त्यानंतर आम्ही पापनिवेदन केले, क्षमाही मिळाली. इमारत उभी राहिली. मुले तेथे राहतात, शिकतात. परंतु कोनशिलेवरचे नाव वाचताना आम्हांस आजही त्या म्हाताऱ्याची आठवण होते.

म्हणून धर्मशिक्षकांनी जेव्हा विचारले की, काम करणारा वाढला का, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो.

आता याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाही तर प्रार्थना करा, कामे सोडा, असा विपरीत अर्थ निघेल. आपल्या सेवकांपैकी एका भगिनीने मागे आम्हांस येऊन सांगितले, “फादर, मला हे काम सोडू द्या. माझ्या ठायी भक्ती नाही. प्रार्थनेत मन लागत नाही. मी फक्त रोग्यांचे बिछाने बदलते, जखमा धुते. मला दुसरे काही येत नाही.” आम्ही तिला विचारले, “जखम धुताना मनात काय येते?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दुखू नये एवढंच.” बंधुभगिनींनो, दुखू नये एवढेच ज्याच्या मनात आहे, त्याच्या ठायी पवित्र आत्मा प्रार्थना करीत नाही, असे कोण म्हणेल? संत पौल सांगतो की, आपणांस प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा तो आत्माच आपल्यासाठी शब्दांपलीकडच्या उसाशांनी विनवितो. आम्ही त्या भगिनीस काम सोडू दिले नाही. मात्र एक सांगितले की, रोज काम संपल्यावर दहा मिनिटे पवित्र साक्रामेंतासमोर नुसते बसावे; काही बोलू नये; दिवसभर पाहिलेले चेहरे एकेक करून त्याच्यापुढे मांडावे. ती आजही काम करीत आहे. भक्ती आली की नाही, हे आम्ही तिला पुन्हा विचारले नाही.

आणखी एका विषयास स्पर्श करणे अवश्य आहे. आपले हिंदू व मुसलमान शेजारी पुष्कळदा विचारतात, उघड नाही तरी मनात, की ही मंडळी एवढे करतात ते कशासाठी? यामागे काही आमिष तर नाही? या प्रश्नाचा राग मानू नये. त्याचे उत्तर रागाने देता येत नाही. पन्नास वर्षांच्या वागणुकीनेच देता येते. सेवा हे गळाला लावलेले आमिष नव्हे. ज्या क्षणी औषधाच्या बाटलीमागे आपण काही मोबदला लपविला, मग तो धर्मांतराचा असो, मतांचा असो, की वृत्तपत्रात छायाचित्र येण्याचा असो, त्या क्षणी ती सेवा ख्रिस्ताची राहिली नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत एकच आला. उरलेल्या नऊंचा रोग त्याने पुन्हा लावून दिला नाही. आपला विश्वास आपण लपवीत नाही. कोणी विचारील त्यास आपल्या आशेचे कारण नम्रपणे सांगू. परंतु रोग्याचा औषधावरील हक्क त्याच्या रोगातून येतो, त्याच्या धर्मातून नव्हे.

याच सातारा नगरीत 1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळक येऊन राहिले होते. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती मनुष्य त्यांस परका मानू शकत नाही. मिशनची पगारी नोकरी सोडून, भक्तांचा एक मोकळा मेळावा असावा या हेतूने त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. 1919 साली त्यांचा देहान्त झाला, आणि ते कार्य त्यांच्या मनाप्रमाणे वाढले नाही. जगाच्या हिशेबी तो एक फसलेला बेत. आम्हांस मात्र त्यात वेतनाच्या आधाराशिवाय उभे राहू पाहणाऱ्या एका साठीच्या घरात आलेल्या मनुष्याचे धैर्य दिसते. सर्वच कार्यांचे सुवर्णमहोत्सव होत नसतात. म्हणून ज्यांचा होतो, त्यांनी नम्र असावे.

आता समारोप. नुसते व्याख्यान ऐकून पांगणे बरे नव्हे. यास्तव धर्मग्रामाच्या सेवकांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवितो, आणि त्या प्रथम स्वतःस लावून घेतो.

पहिली. शाळा, दवाखाना, वसतिगृह, कोठेही काम सुरू करण्यापूर्वी सेवकांनी एक पाव तास मौनाने प्रभूसमोर बसावे. कामाची गर्दी असेल त्या दिवशी तर अवश्य बसावे. कारण तो वेळ वाचविण्याचा मोह नेमका त्याच दिवशी होतो.

दुसरी. आजाऱ्याची व मरणोन्मुखाची हाक हे या धर्मग्रामाचे सर्वांत तातडीचे काम मानावे. बांधकाम, सभा, पाहुणे, महोत्सव, सर्व त्यानंतर. रात्री-अपरात्री आमचे दार ठोठावण्यास कोणी संकोच करू नये. आम्हांस कामे असतात असे यापुढे कोणी आमच्या वतीने म्हणू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे.

तिसरी. यादीतील सहाव्या माणसाची आठवण ठेवावी. तुरुंगातून सुटून आलेला, व्यसनातून उठू पाहणारा, गावाने वाळीत टाकलेला, असा एखादा तरी मनुष्य आपल्या ओळखीचा असावा आणि त्याने आपल्या घरी जेवावे. फसवणूक होईल. कधी कधी झालीच पाहिजे. ज्याची कधीच फसवणूक झाली नाही, त्याने फारसा विश्वास टाकलेलाच नसतो.

चौथी. आपण केलेल्या सेवेचा हिशेब पैशापुरता चोख ठेवावा आणि तो सर्वांस दाखवावा. पुण्यापुरता मात्र ठेवूच नये. उजव्या हाताचे डाव्यास कळू देऊ नये, ही प्रभूची आज्ञा महोत्सवी अंकातही लागू आहे.

आज येथून निघताना आपली गाडी वळणावर आली म्हणजे मागे हा डोंगर काही वेळ दिसत राहील. त्या बाजूने दूर कोठे तरी आटपाडीचा तो माळ आहे, जेथे बेडीवाचून माणसे नांगर धरीत राहिली. पळून जाण्यास वाट मोकळी असता ती राहिली. आपणही तसेच राहिलो आहोत. या सेवेतून निघून जाण्यास आपणां कोणासच भिंत आड येत नाही. वेतन थोडे, मान थोडा, काम पुष्कळ. तरीही आपण सकाळी उठून नांगर धरितो. कोणाच्या विश्वासाखातर, हे ज्यास ठाऊक आहे आणि जो ते रोज नव्याने आठवितो, तोच आध्यात्मिक मनुष्य, असे आम्ही समजतो.

हे प्रभो, गेल्या पन्नास वर्षांत आमच्या हातून जे घडले ते तुझे, आणि जे राहून गेले ते आमचे. ज्यांनी आमची वाट पाहिली आणि ज्यांच्यापाशी आम्ही वेळेवर पोहोचलो नाही, त्यांस तू आपल्याजवळ घे. आमच्या कामात तुला पाहण्याची दृष्टी दे, आणि तू दाराशी आलास म्हणजे काम बाजूस ठेवण्याचे बळ दे. पवित्र कुमारीमाते, तू देवदूताचे शब्द ऐकून घेतलेस आणि लगोलग डोंगराळ मुलुखात एलिझाबेथच्या सेवेस गेलीस. आम्हां डोंगराळ मुलुखातील सेवकांसाठी विनंती कर. आमेन.